वापरलेला सुकराम, एकूण दर्शने शून्य

सुकराम सापडला.

मित्रांनो, वरचं वाक्य वाचलंत ना? आता ते विसरा. तसं काही घडलेलं नाही. आकड्यांत तसं दिसत नाही, आणि जे आकड्यांत दिसत नाही ते घडलं असं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. तेव्हा आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुनी जाहिरात आहे. माझं वय काही आठवडे. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. तुम्ही मोबाइलवर बातमी वाचत असता आणि मध्येच काहीतरी चौकोनी तुमच्या बोटाखाली येऊन बसतं, ती माझी जात. माझ्या जातीला तुम्ही रोज शिव्या देता. मला मात्र तुम्ही एकही शिवी दिलेली नाही, कारण मी तुम्हाला कधी दिसलेच नाही. हेवा वाटतो हो मला इतरांचा.

माझा जन्म नंदुरबारला 'तापीकाठ' नावाच्या बातम्यांच्या वेबसाइटच्या कार्यालयात झाला. कार्यालय वरच्या मजल्यावर, खाली मिरचीच्या व्यापाऱ्याचं गोदाम. हंगामात त्या कार्यालयात कुणालाही एक वाक्य शिंकेशिवाय पुरं करता येत नाही. मला घडवलं जागृतीने. ती धडगावकडच्या डोंगरातली, शिकून इथे बातम्या लिहिण्याच्या नोकरीला लागलेली. मला घडवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे सांगता येत नव्हतं, आणि मला वाटतं तिला ते सोयीचंच होतं.

कारण मी ज्याच्यासाठी जन्मले, तो सुकराम तिचा सख्खा काका. दिवाळीनंतर टोळीबरोबर गुजरातला बांधकामावर गेला. काही दिवसांनी त्याचा फोन लागेनासा झाला. टोळीतल्या लोकांनी सांगितलं, तो दुसऱ्या मुकादमाबरोबर गेला. कुठे? तर तिकडे. 'तिकडे' या गावाचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

डोंगरात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. पोटासाठी कुठेही गेलेला माणूस त्या बाजाराला परत येतोच. जो येत नाही, त्याच्याबद्दल लोक हळू आवाजात बोलायला लागतात आणि होळीनंतर बोलायचं थांबतात. म्हणून सगळ्यांनी विचारपूर्वक ठरवलं, की जाहिरात गुजरातेत कशाला दाखवायची? तो काय, भोंगऱ्याला येणारच आहे. नाही आला तर त्याच्याबरोबरचा कुणीतरी येईल. तेव्हा जाहिरात फक्त नंदुरबार जिल्ह्यात दाखवा. हरवलेला माणूस जिथे आहे तिथे शोधायचा नाही, जिथे यायला हवा तिथे शोधायचा. मला तेव्हा हे फार पटलं होतं.

माझ्यावर सुकरामचा फोटो होता. तो एका जत्रेतल्या फोटोतून कापून घेतलेला. कापताना त्याच्या खांद्यावर एक हात राहून गेला. नुसता हात, चांदीचं कडं घातलेला, मनगटाच्या मागे कुणीच नाही. फोटोखाली शुद्ध मराठीत लिहिलं होतं: 'सदर इसम आढळल्यास संपर्क साधावा.' सुकरामच्या घरी सगळे पावरी बोलतात. 'सदर इसम' म्हणजे आपला सुकराम, हे तिथे कुणालाही कळलं नसतं. पण हरवलेल्या माणसाशी प्रमाण भाषेतच बोलायचं असतं, त्याला इलाज नाही.

मला सर्व्हरवर चढवण्याचं काम भूपेंद्रकडे होतं. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे दूर कुठल्या तरी देशात थंड खोलीत बसलेला अधिकारी समजा. कोणती जाहिरात कुणाला दाखवायची ते तो ठरवतो. तो लाच घेत नाही, चहा पीत नाही आणि कुणाचं ऐकत नाही.

त्याने आधी विचारलं, की ही जाहिरात कोणत्या वर्गातली? नोकरी, घर, वाहन, विवाह, इतर. हरवलेल्या माणसाचा वर्ग नव्हता. भूपेंद्रने 'इतर' दाबलं. मग सर्व्हरने विचारलं, वस्तू नवीन की वापरलेली?

भूपेंद्रने जागृतीकडे पाहिलं. जागृतीने खिडकीबाहेर पाहिलं.

"वापरेल लिखू का, ताई?"

"लिहा," जागृती म्हणाली. "नवीन तर नाहीच आहे."

पुढची अडचण मापाची. मी जन्माने चौकोनी आणि सर्व्हरला हवी होती पट्टी. भूपेंद्रने मला दोन्ही बाजूंनी ओढलं. जन्मभर अर्धपोटी राहिलेला सुकराम एका मिनिटात खात्यापित्या घरचा दिसायला लागला, आणि खांद्यावरचा हात सरकत सरकत वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला.

त्याच दिवशी सुकरामची बायको धनुबाई बसने नंदुरबारला आली. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. मला पाहायला ती एवढा घाट उतरून आली होती. ती कॉम्प्युटरसमोर खूप वेळ उभी राहिली आणि पावरीत काहीतरी बोलली.

"काकी विचारते, हा एवढा जाड कधी झाला?" जागृतीने सांगितलं.

"काकीले सांगा, सर्व्हरले असाच लागस," भूपेंद्र म्हणाला. "आनि तो हात मी पुसी टाकस. वंगाळ दिसस."

जागृतीने ते काकीला सांगितलं. धनुबाईने आपला उजवा हात पदरातून बाहेर काढला. मनगटात तेच कडं होतं.

"काकी म्हणते, हात तिचा आहे," जागृती म्हणाली. "राहू दे म्हणते."

हात राहिला. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

मग मी चालू झाले. माझ्या नावापुढे हिरवा दिवा लागला आणि त्याच्या बाजूला लिहून आलं, 'दर्शने: शून्य'. दुसऱ्या दिवशीही शून्य. त्यानंतरही शून्य. एवढा स्थिर आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

"भूपेंद्रभाऊ, दिसत का नाही?"

"दिवा हिरवा शे ना, ताई. चालू शे जाहिरात."

"चालू आहे तर दिसायला नको?"

"दिसनं अलग, चालू अलग."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. कित्येक माणसांनाही ते लागू पडेल.

मग तपासणी सुरू झाली. आधी निघालं, की सर्व्हरचं घड्याळ त्याच्या देशाप्रमाणे चालतं, त्यामुळे माझा आजचा दिवस अजून उजाडलाच नव्हता. घड्याळ जुळवलं. शून्य. मग निघालं, की माझ्या जागेवर माझ्या आधी एक पाणबुडी मोटार बसली आहे. बोअरवेलमध्ये सोडायच्या मोटारीची ती जाहिरात 'तापीकाठ'ला वर्षानुवर्षं पोसत आली होती, आणि सर्व्हर प्रत्येक वाचकाला तीच दाखवत होता. जागृती वेबसाइटचे मालक उमाकांतनाना यांच्याकडे गेली.

"नाना, मोटार थोडे दिवस मागे घ्या."

"मोटारवाला काय म्हनी?"

"मोटार पाण्यातच असते नाना. कुणाला दिसली काय, न दिसली काय."

नाना शिंकले. शिंक म्हणजे होकार, असा जागृतीने अर्थ लावला आणि भूपेंद्रकडून मला वर नेऊन घेतलं. पहिल्यांदाच माझ्यापुढे कुणी नव्हतं. मी पदर सावरून उभी राहिले, म्हणजे मला पदर असता तर सावरला असता.

तरीही शून्य.

तोवर भोंगऱ्याचा दिवस उजाडला. जागृती सुट्टी घेऊन धडगावला गेली. धनुबाई सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी होती. गुजरातकडून जीपगाड्या येत होत्या, आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. प्रत्येक जीप थांबली, की ती उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघायची. ढोल वाजत होते. पोरं गोडशेव खात होती. आलेले लोक तिला पाहून नजर दुसरीकडे वळवत होते, आणि तेवढ्यावरून तिला उत्तर कळत होतं.

जागृती बाजाराबाहेरच्या टेकाडावर चढली. तिथे नेटवर्क येतं. तिने 'तापीकाठ' उघडलं. माझ्या जागी पांढरी पट्टी होती. तिने तिथूनच भूपेंद्रला फोन लावला.

"भाऊ, माझा फोन आत्ता कुठे आहे असं सर्व्हर म्हणतो, ते बघा."

भूपेंद्रने पाहिलं. "गुजरातमा दखाडस."

"मी धडगावला आहे."

"थांबा, मन्हा बी दखस." त्याने आपल्या कॉम्प्युटरची जागा तपासली. "ताई, मी सुरतमा शे म्हने. मी ते आते खाले चहा पिसनी उनू!"

तर मित्रांनो, असं होतं ते. कुणाचा फोन गुजरातचा टॉवर धरतो, कुणाचं इंटरनेट सुरतेहून येतं, कुणाचं मुंबईहून. सर्व्हर माणूस बघत नाही, तार कुठून आली ते बघतो. आणि त्याच्या हिशेबाने नंदुरबार जिल्ह्यात कुणीच राहत नव्हतं. एवढे डोंगर, एवढी मिरची, आणि माणूस औषधालाही नाही. मला सांगितलं होतं, फक्त नंदुरबार जिल्ह्यातल्यांना दिस. मी आज्ञाधारकपणे एका रिकाम्या जिल्ह्याची वाट बघत उभी होते.

"जागाच काढून टाका, भाऊ," जागृती म्हणाली. "कुणालाही, कुठेही दिसू दे."

भूपेंद्रने जागा काढून टाकली, आणि मी दिसले.

ती एक अर्धवट इमारत होती. सिमेंटच्या गोण्यांवर एक माणूस बसला होता. त्याचा तळवा मळकट फडक्यात बांधलेला होता. हातातला फोन दुसऱ्या कुणाचा तरी होता, कारण शेजारचा एकजण सारखा त्याच्याकडे हात पुढे करून परत मागत होता. तो माणूस 'तापीकाठ'वर भोंगऱ्या बाजाराचे फोटो बघत होता. वाचत नव्हता, नुसते फोटो. ढोल, गर्दी, जीपगाड्या. एकेक फोटो तो बोटांनी मोठा करून चेहरे शोधत होता. तिकडे रस्त्यावर धनुबाई करत होती, अगदी तसंच.

फोटोंच्या खाली मी होते.

त्याने मला पाहिलं. स्वतःचा पट्टीभर रुंद झालेला चेहरा त्याने क्षणभरच पाहिला. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. खांद्यावरच्या हातावर, कड्यावर. तो काहीतरी पुटपुटला. पावरीत. मला पावरी येत नाही, मी प्रमाण मराठीत घडलेली. मग त्याने बोट पुढे केलं आणि त्या हातावर ठेवलं.

मित्रांनो, आम्हा जाहिरातींच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी फुली असते. मला बंद करण्याची. ती बरोब्बर त्या हातावर होती.

मी बंद झाले. सर्व्हरने लगेच अदबीने विचारलं, की जाहिरात का बंद केली? खाली तीन उत्तरं होती, शुद्ध मराठीत. सुकरामला त्यातलं एकही वाचता येईना. हात परत यावा म्हणून त्याने घाईघाईने मधलं दाबलं. मधल्यावर लिहिलं होतं, 'ही जाहिरात वारंवार दिसते'.

सर्व्हरने तक्रार नोंदवली. पाहणारा एक, तक्रार एक, म्हणजे शंभर टक्के जनता माझ्यावर नाराज. त्याने मला कायमचं थांबवलं. सुकराम त्या पांढऱ्या पट्टीवर बोट घासत राहिला, तोवर शेजाऱ्याने फोन काढून घेतला.

इकडे नंदुरबारला भूपेंद्र खुर्चीतून उठला होता. "एक! ताई, एक दिसनी!"

फोनवर जागृतीचा श्वास ऐकू आला. "कुणाला दिसली?"

भूपेंद्रने विचार केला. जागा काढल्यावर त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेबसाइट उघडून पाहिली होती. तिथे पांढरं काहीतरी आलं होतं. चेहरा उतरला त्याचा. तो प्रामाणिक आहे, तोच त्याचा दोष.

"ती ते मीच दखी व्हई," तो म्हणाला.

तपासणीसाठी कार्यालयातल्यांनी पाहिलेलं वजा करायचं असतं, असा नियम आहे. भूपेंद्रने एक वजा केला. आकडा परत शून्य झाला. आणि सर्व्हरने मला थांबवलंय म्हटल्यावर उमाकांतनानांनी माझ्या जागी मोटार बसवली.

होळी पेटली, विझली. धनुबाईने जागृतीला विचारलं, त्याला कुणी पाहिलं का? जागृती खोटं बोलत नाही. ती म्हणाली, कुणीच नाही.

धनुबाईच्या घरी आता त्याचं नाव कुणी घेत नाही.

मित्रांनो, मोठ्यांच्या आत्मवृत्ताचा शेवट बोधाने होतो, म्हणून मीही एक सांगते. आम्हाला खुशाल बंद करा. पण फुली दाबण्याआधी तिच्याखाली काय आहे, ते एकदा बघत जा. बाकी माझं तुमच्याकडे काही मागणं नाही. जे मागायचं ते मी योग्य त्या ठिकाणी खालीलप्रमाणे मागितलेलं आहे.

प्रति,
माननीय सर्व्हर साहेब,
थंड खोली, देश माहीत नाही.

महोदय,
उपरोक्त प्रकरणी विनंती करण्यात येते की, नंदुरबार जिल्ह्यात माणसे राहतात याची आपल्या दप्तरी नोंद घेण्यात यावी. तसेच वजा करण्यात आलेले एक दर्शन पूर्ववत जमा करून, सदर इसम हयात असल्याचे श्रीमती धनुबाई यांना त्यांच्या बटणांच्या फोनवर, पावरी भाषेत, कळविण्यात यावे. सदर इसमाने तक्रार केलेली नसून फक्त हात धरला होता, असा बदल नोंदीत करून मिळावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
जाहिरात (थांबविलेली)
वर्ग: इतर