सूर पत्ता विचारत आले

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळपासून ढगाळ. वारा अजिबात नाही, खिडकीच्या काचेवर बाष्प.

मी एक चित्र बोलतोय. हॉलमध्ये, शिवणयंत्राच्या वर, दोन खिळ्यांवर टांगलेला असतो. माझ्यात एक निळी बाई पाण्यावर ठेवलेल्या खुर्चीत बसून व्हायोलिन वाजवते. तिचे केस धुरासारखे वर गेलेत, आणि व्हायोलिनच्या भोकातून एक उजळ जिना खाली उतरतो. तो कुठे जातो, हे मला काढणाऱ्या ताईलाही ठाऊक नाही. तिला तो स्वप्नात दिसला होता.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि समोर आरसा धरायचा, हे तिचं रोजचं काम. संध्याकाळी हात धुऊन ती रंगांकडे वळते. चित्र काढताना ती फार काटेकोर असते. माझ्यासाठी ती एका संगीतवर्गाच्या खिडकीपाशी उभी राहून पाहून आली होती, की गज कोणत्या हातात धरतात आणि तारांवर बोटं कोणत्या हाताची फिरतात. गज उजव्या हातात, बोटं डाव्या हाताची. तसंच तिने रंगवलं.

ताईचे पाचसहा सोबती आहेत, सगळे फोनमधले. एकमेकांना प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नाही. त्यांची एक रीत मला फार आवडते. ताई चित्र टाकते, पण नाव देत नाही. सोबती त्यावर कविता लिहितात. त्यातली जी ओळ ताईच्या मनात घर करते, ती चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने उतरते. तेच चित्राचं नाव. रात्रपाळी करणारी एक नर्स आहे, ती चार ओळींत असं काही लिहून जाते की ताई भाजी परतायची विसरते. शाळेची बस चालवणारे एक काका आहेत, त्यांच्या कवितेत प्रत्येक वेळी गतिरोधक येतो. आणि एक आहे ‘अबोल’. तो क्वचित लिहितो.

माझा फोटो काढायच्या दिवशी ताईच्या फोनचा मागचा कॅमेरा फुटलेला होता. म्हणून तिने स्वतःचे फोटो काढायच्या पुढच्या कॅमेऱ्याने मला टिपलं. फोनचा पडदा माझ्याकडे होता, त्यामुळे मी स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं. काय सांगू, हरखून गेलो.

कविता आल्या. काकांनी लिहिलं, ‘पाण्यावरून जाते बाई, इथे तरी गतिरोधक नाही.’ सगळे हसले. मग अबोलची कविता आली:

डाव्या हाताची बोटं गेली,
सूर घराबाहेर राहिले.
हिने हातांची घरं बदलली,
सूर पत्ता विचारत आले.

ताईने ती मोठ्याने वाचली. मग मला खाली काढून शेवटची ओळ माझ्या पाठीवर लिहिली. ती ओळ अंगावर घेऊन मी भिंतीवर परत गेलो, तेव्हा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी पाठीशी असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अबोलने ताईला एकटीला लिहिलं. तो एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. पोटासाठी खोक्यांच्या कारखान्यातही जायचा. तिथल्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि व्हायोलिन कपाटावर चढलं. ‘तुमची बाई उलट्या हाताने वाजवते हे पाहिलं, आणि व्हायोलिन खाली काढलं. तारा उलट क्रमाने लावून घेतल्यात. पण गज टेकवायचा धीर होत नाही. तुमच्या चित्रासमोर होईल. रविवारी येऊ का?’

ताईने ‘या’ लिहिलं आणि मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

“धाकटे, इकडे ये गं! ही कुठे उलट्या हाताने वाजवतेय?”

धाकटी बहीण फोनकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत राहिली. “ताई, पुढच्या कॅमेऱ्याने फोटो उलटा आलाय. आरशासारखा. अगं, दिवसभर लोकांपुढे आरसा धरतेस, आणि तुझ्या लक्षात येऊ नये?”

“रोजच आरशात बघते ना, म्हणून तर तेच सुलटं वाटलं!” ताई म्हणाली. “आता तो येऊन काय बघणार? व्हायोलिन पुन्हा कपाटावर जाईल.”

“मग बदल की हात. दोन दिवस आहेत.”

ताईने निळा रंग कालवला. ब्रश माझ्या बाईच्या मनगटापर्यंत आला. मला वाटलं, आपला खेळ खलास. पण ब्रश टेकला नाही.

“नको,” ताई म्हणाली. “चूक माझी आहे, कविता त्याची आहे. खोट्या हातावर ती नको उभी राहायला. दारातच सांगेन.”

तो आजचा रविवार. अबोल आला, काळी पेटी काखेत घेऊन. त्याने चप्पल काढायच्या आतच ताईने सगळं सांगून टाकलं. पेटी त्याने खाली ठेवली नाही. जातोय आता, असं मला वाटलं.

“आलोच आहे तर बघतो,” तो म्हणाला.

माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग पेटी उघडली, व्हायोलिन उजव्या खांद्यावर घेतलं, आणि उरलेल्या बोटांनी डाव्या हातात गज धरला.

“अगंबाई!” धाकटी ओरडली. “ताई, बघ तर! तिचा गज आणि यांचा गज एकाच बाजूला. समोर आरसाच उभा केलाय जसा!”

त्याने माझ्या बाईकडे पाहिलं, कोपर तिच्याइतकं वर नेलं, आणि गज टेकवला. असा आवाज निघाला की धाकटीने कानांवर हात ठेवले.

“मांजर तुडवलं वाटतं,” तो म्हणाला, आणि तिघंही हसली.

माणसांनो, चित्रापुढून जाताना घटकाभर थांबत जा. आम्हाला अर्धंच रंगवलेलं असतं. उरलेलं समोर उभा राहणारा आणतो.

त्याने खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत एक सप्तक वाजवलं आणि तसंच परत उतरला. ‘नी’ दोनदा चुकला. पेटी तो इथेच, शिवणयंत्राशेजारी ठेवून गेला. पुढच्या रविवारी चार वाजता येणार आहे.