बेडकाच्या कातड्यात

वहिनीला आजवर खेकड्यांनी खाल्लं होतं, मुंग्यांनी खाल्लं होतं आणि एकदा तर हत्तीएवढ्या कोंबड्यांनी टोचून टोचून मारलं होतं. रविवारी दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या स्वस्तातल्या भयपटांत ती हमखास सुरुवातीलाच मरायची. कारखान्याचं विषारी पाणी तळ्यात मिसळतं, एखादं गरीब जनावर ते पितं, फुगून खोलीएवढं होतं आणि समोर दिसलेल्या पहिल्या बाईला गट्ट करतं. ती पहिली बाई म्हणजे वहिनी. किंचाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजी घेताना बायका तिला ओळखून विचारायच्या, "परवा मेलात ना तुम्ही?" त्यावर ती म्हणायची, "हो, पुढच्या महिन्यात परत मरायचंय."

सेटवर सगळे तिला वहिनी म्हणत, ते तिच्या दिरामुळे. दिराला सगळे लंबू म्हणत. सासूबाई गेल्या तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून त्याचं दुखणंखुपणं, अभ्यास, रुसवेफुगवे सगळं तिनेच काढलं. पुढे तो ताडमाड वाढला, एका नोकरीत धड टिकेना, आणि अशा उंच माणसाची गरज नेमकी या धंद्यात निघाली. जनावराचं रबरी कातडं अंगावर चढवून धुमाकूळ घालायला लंबूसारखा दुसरा नव्हता. वहिनीला मारणारा बहुतेक वेळा तोच असायचा. मारून झालं की दोघं एकाच डब्यातलं जेवायची.

या खेपेला जनावर होतं बेडूक. एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात हिरवा रंग कालवून, कडेने वाळकं गवत लावून तळं केलं होतं. बेडकाचं कातडं फोमचं, वरून रबर. पाठीची चेन दिसू नये म्हणून तिच्यावर रबराची पट्टी चिकटवायचे, आणि पायांत शिसं भरलेलं, म्हणजे पाण्यात बेडूक तरंगू नये. लंबू बघायचा, श्वास घ्यायचा तो बेडकाच्या उघड्या जबड्यातून.

"आत काही झालं तर दोन्ही हात वर कर," कातडं बनवणाऱ्या काकांनी त्याला बजावलं होतं. "मी लगेच थांबवीन."

पण तालमीत लंबूने सहज दोन्ही हात वर केले आणि दिग्दर्शक खूश झाला. "वा! हल्ला करताना असाच उभा राहा. हेच पाहिजे." काका मान डोलावून गोंद आणायला गेले. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. वहिनीच्या आलं.

"मग आता खूण कोणती?" तिने लंबूला विचारलं.

तो तेव्हा कमरेपर्यंत बेडूक होता. "अगं वहिनी, छातीएवढं तर पाणी आहे. बेडूक कधी बुडतो का?"

"चेष्टा पुरे. मी विचारतेय ते सांग."

"तू समोरच असणार आहेस की," तो म्हणाला, आणि दोघा माणसांनी त्याच्या डोक्यावर बेडकाचं डोकं उतरवलं.

दिग्दर्शकाला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण सूर्य कलत होता, दिवे लावणारे ओरडत होते, आणि दिग्दर्शकाचा पारा आधीच चढलेला. तिने गप्प राहून पाण्यात पाय टाकला. पाणी गार होतं.

शॉट सुरू झाला. वहिनी पोहण्याचं सोंग करत पुढे सरकली आणि मागून बेडूक उठला. त्याने दोन्ही हात वर केले. ती किंचाळली. ठरल्याप्रमाणे बेडकाने आता तिच्यावर झेप घ्यायची होती. ती झेप आलीच नाही. बेडूक डोलला, खाली बसला, परत कसाबसा अर्धवट उठला आणि त्याने परत हात वर केले. या वेळी ते सरळ नव्हते. एक हात हवेत काहीतरी धरायला बघत होता.

तिने जबड्याकडे पाहिलं. एरवी तिथे लंबूचे डोळे दिसायचे. आता जबड्यातून हिरवं पाणी आत शिरत होतं.

फोमने पाणी पिऊन पिऊन ते कातडं जड झालं होतं, आणि पायांतलं शिसं त्याला खाली ओढत होतं.

"तो बुडतोय!" ती ओरडली. "थांबवा! त्याला बाहेर काढा!"

काठावरच्या दिग्दर्शकाने अंगठा वर केला. आवाज टिपणारा डोळे मिटून, कानांवरचा हेडफोन दाबून, समाधानाने मान हलवत होता. वहिनी दुप्पट जोराने ओरडली. तिचा घसा फाटला, डोळ्यांतून पाणी आलं. काकांनीही हात वर गेलेले पाहिले होते, पण हल्लाच तसा ठरला होता. इतकी वर्षं ती किंचाळत आली होती. आज तिच्या किंचाळण्याने कुणाची मानसुद्धा वळली नाही.

बेडूक पाण्याखाली गेला. तिने बुडी मारून त्याला काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला. रबर हातातून निसटलं. तो जागचा हलेना.

मग तिने ओरडणं थांबवलं. पाणी कापत ती काठाशी गेली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि भिजलेला तळहात तिने काचेवर दाबून धरला.

"कट!" दिग्दर्शक खवळला. "वहिनी, हे काय चाललंय?"

"आत पाणी गेलंय," ती म्हणाली. आवाज घोगरा, रोजचा, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "लंबू खाली आहे. उचला त्याला."

मग दिवेवाल्याने चपलांसकट उडी टाकली, आणि त्याच्यामागे आणखी तिघांनी. चौघांनी मिळून बेडूक काठावर ओढला. चिकटवलेली चेन निघेना. काकांनी पातं घेऊन गळ्यापासून पोटापर्यंत कातडं फाडलं. महिनाभर खपून केलेलं काम, पण त्यांचा हात थांबला नाही. आतून लंबू निघाला, ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. दिवेवाल्याने त्याची छाती दाबायला घेतली. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन "ऊठ, ऊठ रे," एवढंच पुटपुटत होती. अखेर तो खोकला, पोटभर पाणी ओकला आणि लहान मुलासारखा तिच्या पदराला धरून राहिला.

दवाखान्यातून तो लवकरच घरी आला. तिचा नवरा दौऱ्यावर होता, तो धावत आला, भावाच्या उशाशी बसला आणि बायकोला फक्त म्हणाला, "जेवलीस का?" दिग्दर्शक फळं घेऊन भेटायला आला. लंबूच्या खोलीत दार लावून थोडा वेळ बसला आणि गेला.

नंतर एका रविवारी तो चित्रपट लागला. शेजारची पोरं हक्काने येऊन सतरंजीवर बसली. वहिनीला वाटलं होतं, तो प्रसंग नव्याने कुणाकडून तरी करून घेतला असेल. पण पडद्यावर तेच हिरवं पाणी आलं, तोच बेडूक उठला. तो डोलला. एक हात हवेत काहीतरी शोधू लागला. तिच्या ओरडण्यावर कर्कश संगीत चढवलं होतं.

"काय भारी बेडूक आहे," एक पोरगी म्हणाली.

वहिनीने पडद्याऐवजी लंबूकडे पाहिलं. त्याने गुडघे पोटाशी घेतले होते आणि तो तोंड उघडून श्वास घेत होता. नवऱ्याने उठून टीव्ही बंद केला. पोरं कुरकुरली, मग घरातला रंग बघून निमूट निघून गेली.

"वापरा, असं मीच म्हणालो त्यांना," लंबू म्हणाला. "म्हटलं, वाया कशाला जाऊ द्यायचं."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

मग लंबूने विचारलं, "तू खरंच एवढी ओरडत होतीस? मला आत काहीच ऐकू आलं नाही गं. वाटलं, तू निघून गेलीस."

ती त्याच्याजवळ सरकून बसली.

त्यानंतर लंबूने कातडं कधी चढवलं नाही. तो दिवेवाल्याच्या हाताखाली लागला आणि तिथे मात्र टिकला. वहिनी अजून मरते. काम सोडून चालणार नव्हतं. पण अलीकडे ती किंचाळली की दिव्यांमागून कुणीतरी उंच माणूस दोन पावलं पुढे, कॅमेऱ्यासमोर येतो आणि दिग्दर्शकाला शॉट परत घ्यावा लागतो.