देवघरातली मिलिटरी बाटली

मी मलंगगडाच्या माचीवर जाऊन आले.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. १९५६ सालच्या त्या मंगळवारी मी दिवसभर कल्याणला महिपतच्या देवघरात कोयत्याशेजारी बसून होते. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं.

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. अंग पत्र्याचं, वर खाकी बनातीचा अंगरखा, खांद्याला पट्टा. महायुद्ध मी कल्याणच्या छावणीतल्या गोदामात लढले. शत्रू म्हणजे उंदीर. युद्ध संपल्यावर भंगाराच्या लिलावात महिपतनं मला उचललं. तो ठाण्याच्या एका कचेरीत कारकून. मला खांद्याला अडकवून तो घरी आला आणि दारातूनच ओरडला, "आई, पुढच्या रविवारी मलंगगड! तुलाही नेतो."

त्याची आई गंगुबाई त्या डोंगराच्या पायथ्याचीच लेक. लहानपणी तिथे म्हशी राखल्या, पण वर कधी गेली नाही. आधी लग्न झाल्यावर जा म्हणाले, मग पोर मोठा झाल्यावर.

रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुण्यांचे पाहुणे. तेवढ्यात दसरा आला आणि गंगुबाईनं विळी-कोयत्याच्या रांगेत मलाही मांडून कुंकू लावलं.

"आई, बाटली आहे ती!" महिपत म्हणाला.

"मिलिटरीची ना? मग हत्यारच. पुजलेल्या हत्याराला तोंड लावायचा नाय."

"मग पाणी कसं प्यायचं?"

"हत्यारानं पानी कोन पितो?"

झालं. मी देवघरात गेले. माझ्या पट्ट्याला अंगाऱ्याच्या पुड्या बांधल्या गेल्या. महिपतला दुसरी बाटली घेता आली असती, पण इतकं चांगलं कारण हाताशी असताना बाटली कोण घेतो? नऊ दसरे गेले. येणारे-जाणारे मला नमस्कार करत. मित्रांनो, तहान भागवायला जन्मलेल्या वस्तूला लोक नमस्कार करू लागले की तिला आतून मुंग्या येतात. खिडकीतून डोंगर दिसे आणि मी कोरडी ठणठणीत.

मग तो मंगळवार. महिपत कचेरीला गेला होता. चुलीपुढून उठताना गंगुबाईचा गुडघा असा वाजला, की सून हेमाला वाटलं पातेल्यावरचं झाकण पडलं. गंगुबाई उंबऱ्यावर बसली आणि डोंगराकडे बघत राहिली.

"अगो हेमा, हे गुडघे आता महिपतच्या रविवारासाठी थांबनार नाय. मना आजच वर ने."

"आज? आई, आज मंगळवार आहे."

"डोंगर मंगळवारी बंद असतो काय?"

हेमानं चुलीतली लाकडं ओढली. "आणि वाटेत पाणी?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंड नको लावू," गंगुबाई सावकाश म्हणाली. "वरून पी."

घरात सगळे तांब्यानं वरूनच पीत. नऊ वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं.

गंगुबाईचा भाचा काळुराम खडीचा ट्रक चालवी. सकाळी तो रिकामा पायथ्याकडे जायचा. "आत्ये, तू डोंगर चढनार?" तो हसला.

"तू टरक चालव."

गंगुबाई दर दहा पावलांवर बसे. "वीस झाली," म्हणे आणि पुन्हा एकपासून मोजे. मी हेमाच्या कमरेवर आपटत होते, पोटात पाणी हिंदकळत होतं. एका कातळावर मला पहिला पोचा पडला. काय सांगू, किती बरं वाटलं!

माचीवर वारा असा, की गंगुबाईनं पदर दातात धरला. "आपला घर कुठचा गो?"

"तो धूर दिसतो ना, तिथे."

ती बघतच राहिली. "एवढासा? त्यात मी एवढी वर्सं झाडलोट केली?" मग तिनं मला उंच धरलं आणि वरून प्यायली. निम्मं पाणी गळ्यावरून चोळीत गेलं. ते पुसायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी महिपत घरी यायच्या आत मी देवघरात होते. कुंकू थोडं तिरकं लागलं होतं.

"आई, लंगडतेस का?" महिपतनं विचारलं.

"इळीवरून उठताना लचकला."

त्या पावसाळ्यात गंगुबाईचे गुडघे बसले ते बसलेच. आता ती उंबऱ्यापर्यंतच येते. पण डोंगराकडे बघून उसासे टाकत नाही. ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघते. दर रविवारी महिपत तिच्याशेजारी उभा राहतो. "आई, तुला एकदा वर न्यायचंय. पुढच्या रविवारी नक्की."

"हो रे बाबा, तुला टाइम गावला की," ती म्हणते, आणि हेमा घाईघाईनं आत जाऊन तोंडात पदर कोंबते.

मला हसू येत नाही. महिपतला चष्मा लागलाय. डोंगर बघताना तो डोळे बारीक करतो. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपायचं तर वापरा. पोचे चालतात, गंज चालत नाही. माणसांचंही तसंच असावं, असा माझा अंदाज आहे. बाकी हा अर्ज तेवढा पोचता करा:

मा. मुख्य अधिकारी, पंचांग व रविवार खाते, यांस—

कल्याण मुक्कामी 'पुढचा रविवार' हा वार गेल्या कैक वर्षांत एकदाही उगवलेला नाही. सबब तो तात्काळ रद्द करून त्याच्या जागी श्री. महिपत यांस आजचा दिवस मंजूर व्हावा. अर्जदार कोरडी आहे. भरून देण्याची व्यवस्था खात्यानेच करावी. कळावे.