कमरेभोवती आवळलेला टेप

मी शिवणकामाचा टेप बोलतोय. जैनथ गावात बसथांब्यामागे रेणुकाबाईंचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, भिंतीवर लाकडी क्रूस. आदिलाबादच्या बाजारातून त्यांनी मला आणलं तेव्हा मी पिवळाधमक होतो. आता माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत.

बायकांची मापं घेता घेता माझा स्वभाव संशयी झाला. मी कमरेला टेकलो की त्या श्वास ओढून पोट आत घेतात. मला फसवायला बघतात आणि मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून भांडायला येतात.

ईस्टरआधीच्या उपास-प्रार्थनेच्या दिवसांत रेणुकाबाईंच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, उपास धरला. आईला कोण अभिमान! रविवारी चर्चमध्ये तिनं सगळ्यांना सांगितलं. मला मात्र ते खरं वाटेना. आई कपडे पोचवायला गेली की पोरगी दाराला कडी घालायची, मला खुंटीवरून काढायची आणि कमरेभोवती आवळायची. समोर ना कापड, ना कात्री. उपास करणारं माणूस प्रार्थनेला बसतं. ही आरशासमोर उभी राहायची. नाताळात चर्चमधल्या तिच्या गाण्याचा व्हिडिओ निघाला होता, त्याखाली कुणीतरी तिला 'ढोल' लिहिलं होतं. तेव्हापासूनचं हे.

परतल्यावर दाराला आतून कडी दिसायची, म्हणून आईलाही संशय आला, पण भलताच. पोरीचं कुणा मुलाशी काही आहे का, हे बघायला तिनं पोरीचा फोन उघडला. मुलगा नव्हताच. सडपातळ पोरींचे फोटो होते, एकाखाली एक.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला प्रियदर्शनी चक्कर येऊन पडली. घरी आणल्यावर आईनं वरण-भाकर पुढे ठेवली. पोरीनं ताट सरकवलं.

"हा उपास देवासाठी करून राह्यली, का दुसऱ्या कोणासाठी?" आईनं विचारलं.

पोरगी म्हणाली, "गिऱ्हाइकाईले तूच म्हणते ना, जरा पोट कमी करा, ब्लाऊज चांगला बसते. मंग मी काऊन नाही करू?"

मी आईच्या गळ्यातच होतो. तिचा श्वास अडकलेला मला कळला.

"माहं चुकलंच ते," ती म्हणाली. "रानात येशू उपाशी होता तवा सैतानानं त्याले भाकरीची भूल घातली. तुले त्यानं भुकेचीच घातली, बाई."

प्रियदर्शनीनं रडत रडत अर्धी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी आईनं तिला डॉक्टरकडे नेलं. ईस्टरला तिनं सैल झगा घातला आणि मागच्या ओळीत उभी राहून गायली. आता गिऱ्हाइकानं पोट आत घेतलं की रेणुकाबाई म्हणतात, "सोडा श्वास," आणि थांबतात.

परवा दुपारी पुन्हा कडी लागली. माझ्या मनात पाल चुकचुकली. प्रियदर्शनीनं मला हातात घेतलं, खूप वेळ तशीच उभी राहिली, मग मला खुंटीवर टांगून तिनं दार उघडलं.

ती बरी झाली, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो: दार लावून मला उचलणारी पोर तुमच्याही घरात असेल. तिच्या उपासाचं कौतुक करण्याआधी जरा तिच्याजवळ बसा.