घरचा बिल्ला

मालनबाईला एक खोड होती. सांगणाऱ्याचं अर्धंच ऐकायची आणि काम मात्र पूर्ण करायची, तेही जीव ओतून. मुकुंदवाडीतल्या बायकांना हे पक्कं ठाऊक. फॉल-पिकोला साडी टाकताना त्या दोनदा बजावून जायच्या. तिची लेक मेघा तेवढी एकदाच सांगून मोकळी झाली, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

मेघा हवाईसुंदरी. हा शब्द मालनबाईला लई आवडायचा, मेघाला मुळीच नाही. मुंबईहून अमेरिकेला जाणारी लांबची विमानं तिच्या वाट्याला. आता एवढ्या उंचावर आभाळातली किरणं अंगाला जास्त लागतात. खाली आपल्या डोक्यावर हवेचा जाड थर असतो, वर तो विरळ. किती लागतात ते मोजायला कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी काही जणींना दोन-दोन बिल्ले दिले. एक अंगावर लावून उडायचं, दुसरा घरी ठेवायचा. जमिनीवरही थोडी किरणं असतातच, ती घरच्या बिल्ल्यावरून कळतात. तेवढी वजा केली की उरतात ती वरची.

सुट्टीवर आल्या आल्या मेघानं दुसरा बिल्ला आईच्या हातात दिला.

"हा घरचा. कपाटात ठेव, माय."

"काय करतो ह्यो?"

"किरणं पकडतो," मोबाईलमधून मान वर न काढता मेघा म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिनं पोटातच ठेवली. घराजवळच, चिकलठाण्याच्या विमानतळावर कंपनीची एक जागा निघणार होती, कायम जमिनीवरची. जिचा आकडा जास्त येईल, तिला ती आधी मिळणार होती. बाप गेल्यापासून माय एकटीच जेवते, हे मेघाला खात होतं. पण आधीच आशेला लावायचं आणि जागा हुकली तर? तिचं पडलेलं तोंड मेघाला बघवलं नसतं, म्हणून ती बोलली नाही.

दुपारी पोरगी झोपली आणि मालनबाईचं डोकं चालायला लागलं. पकडतो म्हणजे काय? लेकीच्या अंगावर येणारी किरणं हा वरच्या वर धरणार. मग कपाटात बसून मेला काय पकडणार, झुरळं? एकापेक्षा दोन बरे की नाय! तिनं मेघाच्या हातबॅगेचं अस्तर उसवलं, बिल्ला आत सरकवला आणि अशी बारीक हातशिलाई घातली की बोट फिरवूनही कुणाला कळलं नसतं. सांगावं, तर पोरगी हसली असती. मेघा गेल्यावर ती भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडून म्हणाली, "आता घोर नाय."

पुढं मेघा बिल्ला न्यायला आली. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मालनबाईनं अस्तर उसवलं, परत शिवलं, आणि बिल्ला कपाटातून काढल्यासारखा तिच्या हातात ठेवला.

त्यानंतरच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मेघा पोळ्या लाटत होती, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"मेघा, तुझ्या घरच्या बिल्ल्यावर विमानातल्यापेक्षा जास्त किरणं कशी? घरात एक्स-रेचं मशीन आहे का?"

"नाही हो, मॅडम. तो माझ्या आईकडं होता."

"मग बिल्ल्यांची अदलाबदल तू केलीस असं धरू का?"

"मॅडम, माझी आई ठेव म्हटलेली वस्तू हलवत नाही. आईची शपथ घेऊन सांगते."

मालनबाईचा शिलाई मशीनवरचा पाय थांबला. लेक आपल्या नावानं शपथ घेते आणि खोटी ठरते! ती धडपडत उठली.

"बाई, पोरीचा कसूर नाय. म्याच तिच्या बॅगेत शिवला होता. दोन असले तर दुप्पट पकडतील, असं वाटलं."

पलीकडं कुणी हसलं नाही.

"मावशी, तो विमानात तर फिरलाच, शिवाय तपासणीला दर वेळी बॅगेसोबत एक्स-रेच्या मशीनमधून गेला. मेघावर ठपका नाही आता. पण ही मोजणी बाद धरावी लागेल."

मेघानं पिठाच्या हातानंच फोन कानाला लावला. "हो मॅडम... नाही, परत मोजेपर्यंत कोण थांबणार... हो, द्या ती दुसरीला."

फोन ठेवून ती आईजवळ येऊन बसली. आता तोडून बोलेल, असं मालनबाईला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मेघा हळूच म्हणाली, "चुकलं माझं. बसून सांगायला पाहिजे होतं."

"आता सांग."

"तो काही अडवत नाही गं. नुसता मोजतो."

"मग अडवतं काय?"

"काहीच नाही. वर गेलं की लागतातच."

इतके दिवस आपण निर्धास्त घोरत होतो, याची मालनबाईला लाज वाटली. स्वतःचाच लई राग आला.

"मग खाली ये ना, पोरी. काय करायची ती नोकरी! इथं चिकलठाण्याला एवढाली विमानं उतरत्यात, तिथं तुझ्याजोगी एखादी जागा नाय व्हय?"

मेघानं हाताचं पीठ खरवडलं.

"त्या जागेसाठीच तर मोजत होते, माय."