भुताने ‘अहो’ म्हणू नये

परदेशात, जॉन्सनव्हिलला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या वासंतीबाईंची, मेल्यानंतरच्या उद्योगाची सोय शेजारच्या हानाएबाईंनी लावून दिली. तीही कुंपणापलीकडून, वाऱ्याशी झोंबत कपडे वाळत घालताना. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान रंगत.

“आमच्या जपानात अन्याय सोसून मेलेली बाई परत येते,” हानाए म्हणाली. “ओनर्यो म्हणतात तिला. पांढरे कपडे, मोकळे केस. जिवंतपणी गप्प बसलेली तर फारच भयंकर!”

“अगंबाई!” वासंतीबाई हरखल्याच. चव्वेचाळीस वर्षं गप्प बसल्याचं कुठेतरी चीज होणार होतं.

अन्याय शोधायला लांब जायला नको होतं. इथे यायच्या आधी नवऱ्याने, रमणरावांनी, त्यांची माहेरची बाजाची पेटी सोसायटीच्या भजनी मंडळाला देऊन टाकली होती. न विचारता. वर, “धूळच खात होती,” म्हणाले. त्या पेटीवर वडिलांनी वासंतीबाईंना सा लावायला शिकवलं होतं. पेटी गेली ती गेली; पण ‘चुकलं’ एवढं तरी म्हणावं की नाही माणसाने!

दुपारी त्या न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून, सोफ्यावर पेंगणाऱ्या नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

“मी मेल्यावर तुमच्या मानगुटीवर बसणार आहे. सांगून ठेवते.”

“आत्ता तरी कुठे उतरलीयेस?” रमणराव डोळे न उघडता म्हणाले. “पण हाक काय मारशील? ‘अहो’? या रस्त्यावर चार मराठी घरं आहेत. चारही नवरे दचकतील. भुताने कसं, नाव घेऊन यावं.”

मुद्दा बिनतोड होता. लग्नात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं तेवढंच. पुढे पोस्टमनलासुद्धा त्यांनी ‘ह्यांचं पत्र आलंय का’ असंच विचारलं होतं. वासंतीबाईंनी खोल श्वास घेतला.

“रमण, माझी पेटी मला न विचारता का दिलीस?”

रमणराव ताडकन उठून बसले. आई गेल्यापासून त्यांना नुसतं रमण कोणी म्हटलं नव्हतं.

“चुकलं,” ते म्हणाले. “तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.”

वासंतीबाई त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसल्या. रडू आलं, आणि रडता रडता स्वतःचाच रागही आला. इतकं सोपं होतं, तर त्यासाठी मरायची वाट कशाला बघत होते मी?