पेंढीतली सुरई

शाफानने द्राक्षारसाची सुरई गव्हाच्या पेंढीत खुपसली, ती दोन कारणांनी. एक, रस गार राहावा. दुसरं, कापणीच्या गड्यांना दिसू नये. त्यांचे घसे सकाळपासूनच कोरडे पडत होते. सुरई इतकी झकास लपली, की बाकीच्या पेंढ्या गाढवांवर लादून खळ्यावर आल्या आणि ती एक पेंढी शेतातच राहिली.

आठवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळी लेकीला, तिरसाला मागणी घालायला पाहुणे येणार, आणि घरात चांगला म्हणावा असा जुना रस तेवढाच. बाकीचा आंबून गेलेला. तो पाजला असता तर सोयरीक उंबऱ्यावरूनच परतली असती.

तो धावत सुटला, तो बांधावर येऊन थबकला. नियमच होता: विसरलेल्या पेंढीसाठी शेतात परत जायचं नाही, ती विधवेची, पोरक्याची, परक्याची. आणि शेजारची विधवा हग्गीथ ती पेंढी डोक्यावर घेऊन समोरून येतच होती.

"काकू, ती पेंढी मी विसरलो नव्हतो हं. ठेवली होती."

"हो का? चल मग वेशीत. वडीलधाऱ्यांना विचारू, ठेवलेली पेंढी वेगळी दिसते का ते."

"पेंढी राहू द्या हो. आतली सुरई तेवढी द्या."

"तरीच! म्हटलं, यंदा गहू एवढा जड कसा पिकला!"

"दोन पेंढ्या देतो बदल्यात. तीन घ्या. तिरसाची मागणी आहे आज."

"ठाऊक आहे. भिंतीला भिंत आहे आपली. तुझ्या थोरल्याच्या लग्नातला ढोलही ऐकला मी, भिंतीपलीकडून."

शाफान पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "काकू, संध्याकाळी या ना."

"मागच्या दाराने?"

"पुढच्या. आणि रस तुमचा आहे, तर वाढायचाही तुम्हीच."

संध्याकाळी हग्गीथ धुतलेली ओढणी घेऊन सगळ्यांचे प्याले भरून पाहुण्यांच्या पंक्तीत ऐसपैस बसली. मुलाच्या बापाने एक घोट घेतला, मिशी पुसली आणि प्याला पुन्हा पुढे केला.

"वा! कुणाच्या मळ्यातला हा?"

शाफानने हग्गीथकडे हात केला. "काकूंनी आणलाय."

"मग बोलणी काय करायची? लग्न कधी धरायचं ते सांगा."

शाफानने तोंड उघडायच्या आत हग्गीथ म्हणाली, "द्राक्षं तुडवून झाल्यावर धरा. तेव्हा मला सवड असते."